बायबल मस्तकी धरणारा बादशहा: फत्तेपूर सिक्रीतल्या एका संवादाचे प्रकरण

१५८० च्या मार्च महिन्याचा आरंभ. फत्तेपूर सिक्रीत गोव्याहून आलेल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्रींनी अकबर बादशहापुढे नजराणा ठेवला. अँटवर्पला छापलेल्या बहुभाषी बायबलचे ते जाडजूड खंड होते. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी, सिरियाक अशा भाषा एकाशेजारी एक मांडलेल्या. बादशहाने पगडी उतरवली, एकेक खंड हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले आणि तो मस्तकी लावला. मग त्याने विचारले, यांतल्या कोणत्या खंडात इंजील आहे? तो दाखवल्यावर त्याने तो पुन्हा चुंबला, पुन्हा डोक्यावर धरला.

पाद्रींनी हे डोळ्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनाने घेतले की हिंदुस्थानचा बादशहा आता ख्रिस्ती होणार. गोव्याला आणि तिथून युरोपला गेलेल्या पत्रांमध्ये ही आशा कधी उजळते, कधी मंदावते. तीन वर्षांनी ती पुरती विझली.

हे प्रकरण बहुतेक वेळा अकबराच्या स्वभावाची गोष्ट म्हणून सांगितले जाते. बादशहा चौकस होता, लहरी होता, राजकारणी होता, अशा अंगाने. मला ते अपुरे वाटते. माझ्या मते गैरसमजाचे मूळ त्या पहिल्या भेटीतच आहे आणि ते कुराणात शोधायला हवे. इंजील डोक्यावर धरणे हे मुसलमानाच्या लेखी इस्लामपासून दूर जाणे नव्हे. इंजील हे अल्लाने ईसाला, म्हणजे येशूला, दिलेले पुस्तक आहे, ईसा हा मोठा पैगंबर आहे, त्याची माता मरियम ही निवडलेली पवित्र स्त्री आहे, हे त्याला त्याच्याच धर्मग्रंथाने शिकवलेले असते. पाद्री ज्याला उंबरठा समजले, ते बादशहाच्या घरातलेच दालन होते.

बोलावणे कसे गेले

१५७५ मध्ये अकबराने सिक्रीत इबादतखाना बांधला. सुरुवातीला तिथे फक्त मुसलमान विद्वान जमत आणि बसायला मानाची जागा कोणाची यावरूनही भांडत. मखदूम-उल-मुल्क आणि शेख अब्दुन्नबी या दोन बड्या उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, आपसातली निंदानालस्ती ऐकून बादशहाचे मन विटले. पुढे त्याने दारे सगळ्यांना उघडली. बादशहाचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने दिलेल्या यादीत सूफी, सुन्नी, शिया, ब्राह्मण, जैन यती, चार्वाकमती, नसारा म्हणजे ख्रिस्ती, ज्यू, पारशी असे सगळे आहेत. ज्यूंचे नाव त्या यादीत आहे हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१५७९ च्या सप्टेंबरात बादशहाचा वकील गोव्यात पोचला. पत्रात मागणी सरळ होती: दोन विद्वान पाद्री पाठवा, त्यांच्यासोबत तौरात आणि इंजील हे मुख्य ग्रंथ पाठवा, मला ते समजून घ्यायचे आहेत. गोव्यात सल्लामसलत झाली. पाठवावे की नाही, ओलीस ठेवून घेतील का, असे प्रश्न निघाले. अखेर तिघे निघाले. प्रमुख रुदोल्फो अक्वाविवा, इटलीतल्या सरदार घराण्यातला, वय अवघे २९. दुसरा आंतोनियो मोन्सेरात, कातालान, वयाने मोठा, बारीक नोंदी ठेवणारा. या प्रकरणाची निम्मी माहिती आपल्याला त्याच्यामुळे मिळते. तिसरा फ्रान्सिस्को हेन्रिक्स, दुभाष्या. हा इराणच्या आखातातल्या होर्मुझचा, जन्माने मुसलमान आणि मग ख्रिस्ती झालेला.

या तिसऱ्या निवडीवर मी बराच वेळ थांबलो आहे. फारसी येणारा माणूस हवा होता आणि तो होर्मुझचा मिळाला, हे व्यवहाराने ठीक. पण फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या नियमांप्रमाणे धर्म सोडलेला माणूस ही साधी बाब नाही. ज्या सभेत संवाद करायचा तिथे त्या धर्मातून बाहेर पडलेल्या माणसाच्या तोंडून पहिली वाक्ये ऐकवायची, याने समोरच्यांच्या मनाची कवाडे उघडण्याआधीच बंद झाली असणार. अक्वाविवाने पुढे स्वतः कष्टाने फारसी शिकून घेतली, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

१७ नोव्हेंबर १५७९ ला ते गोव्याहून निघाले. समुद्रमार्गे दमण, मग सुरत, मांडू, नरवर, ग्वाल्हेर अशी मजल दरमजल करत फेब्रुवारीअखेर सिक्रीत पोचले. मोन्सेरात वाटेत आजारी पडला, तो आठवडाभराने आला. मराठी वाचकाला एक योगायोग इथे सांगायलाच हवा. हे तिघे निघण्याच्या थोडेच आधी, त्याच ऑक्टोबरात, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. पुढे क्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स ते हेच.

कुराणात ज्यू आणि ख्रिस्ती

सिक्रीतल्या वादात कोण काय बोलले ते समजायचे तर आधी कुराणाचा सूर कानात असायला हवा. आणि तो एक सूर नाही, ही पहिली गोष्ट.

कुराण ज्यू आणि ख्रिस्ती यांना ‘अहले किताब’ म्हणते, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच ग्रंथ आलेला आहे असे लोक. मूसाला तौरात, दाऊदला जबूर, ईसाला इंजील. दुसऱ्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, ६२ वी आयत, म्हणजे वचन, सांगते की श्रद्धावंत असोत, यहुदी असोत, नसारा असोत की साबी, जो अल्लावर आणि अंतिम दिवसावर विश्वास ठेवून सत्कर्म करील त्याला भय नाही. पाचव्या सूरेत त्यांचे अन्न आणि त्यांच्या शीलवती स्त्रियांशी विवाह मुसलमानांना वैध ठरवला आहे. बाविसाव्या सूरेत मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी अशा सगळ्या जागांचा उल्लेख देवाचे नाव घेतले जाणाऱ्या आणि म्हणून राखल्या जाणाऱ्या जागा म्हणून एकाच ओळीत येतो.

आणि तेच कुराण पाचव्या सूरेच्या ५१ व्या आयतीत म्हणते की यहुदी आणि नसारा यांना आपले ‘औलिया’ करू नका. या शब्दाचा अर्थ कोणी मित्र करतो, कोणी पाठीराखे किंवा संरक्षक. भाषांतरावर बरेच अवलंबून आहे. त्याच सूरेची ८२ वी आयत यहुद्यांना शत्रुत्वात कठोर म्हणते आणि स्वतःला नसारा म्हणवणाऱ्यांना स्नेहात सर्वांत जवळचे म्हणते. कारण त्यांच्यात विद्वान आणि संन्यासी आहेत आणि ते गर्व करत नाहीत. नवव्या सूरेची २९ वी आयत अहले किताबांशी युद्धाची आणि जिझियाची, म्हणजे त्यांच्यावरच्या कराची. मदिनेतल्या ज्यू टोळ्यांशी झालेला संघर्ष, बायझंटाइन सरहद्दीवरचा तणाव अशा प्रसंगांशी यांतल्या कित्येक आयतींचा संबंध मुसलमान भाष्यकारांनीच सांगितला आहे. तरी ‘हे फक्त तेव्हापुरते’ म्हणून त्या बाजूला ठेवता येत नाहीत; शतकानुशतके फकीहांनी त्यांवर कायदा उभा केला. केवळ गोड आयती वेचून दाखवणारे आणि केवळ कडू आयती वेचून दाखवणारे, दोघेही मला या ग्रंथाशी अप्रामाणिक वाटतात.

येशूविषयी मात्र कुराण जे सांगते ते वाचून बऱ्याच मराठी वाचकांना आश्चर्य वाटते. कुराणात नावाने उल्लेख झालेली एकमेव स्त्री मरियम आहे. १९ वी सूरा तिच्याच नावाची. ईसा कुमारिकेच्या पोटी जन्मतो, पाळण्यातून बोलतो, आंधळ्यांना दृष्टी देतो, अल्लाच्या हुकमाने मेलेल्यांना उठवतो. चौथ्या सूरेच्या १७१ व्या आयतीत तो मसीह आहे, मरियमेकडे पाठवलेला अल्लाचा ‘शब्द’ आहे, त्याच्याकडून आलेला ‘आत्मा’ आहे. आणि हे सगळे म्हणून झाल्यावर तीच आयत बजावते: ‘तीन’ म्हणू नका. थोडे आधी, १५७ व्या आयतीत, त्यांनी त्याला मारले नाही आणि क्रुसावर चढवले नाही, तसा भास झाला, असे म्हटले आहे. पाचव्या सूरेच्या अखेरीस अल्ला ईसाला विचारतो, मला आणि माझ्या आईला देव माना असे तू लोकांना सांगितलेस का? ईसा म्हणतो, जे म्हणण्याचा मला अधिकार नाही ते मी कसे म्हणेन?

म्हणजे ख्रिस्ती माणूस ज्या ठिकाणी सर्वांत जास्त आनंदाने मान डोलावेल, त्याच्या दोन ओळी पुढे त्याच्या श्रद्धेचा गाभाच नाकारलेला आहे. पुत्रत्व, त्रैक्य, क्रूस. जवळीक आणि नकार एकाच श्वासात येतात. दुरून पाहणाऱ्याला फक्त जवळीक दिसते. सिक्रीत तेच झाले.

सभेतले वाद

पहिला मोठा वाद धर्मग्रंथांच्या खरेपणावर झाला आणि तो तिथूनच सुरू व्हावा हे स्वाभाविक होते. कुराणात अहले किताबांपैकी काहींवर आरोप आहे की ते शब्दांना त्यांच्या जागेवरून हलवतात. याला तहरीफ म्हणतात. प्रश्न असा की हलवतात म्हणजे काय? अर्थ फिरवतात, की मूळ मजकूरच बदलतात? मुसलमान विद्वानांत दोन्ही मते होती. अकराव्या शतकातल्या कॉर्डोव्याच्या इब्न हझमने मजकूरच बिघडला आहे अशी कडक भूमिका घेतली. इतर काहींनी अर्थापुरता दोष मानला. सिक्रीतल्या मुल्लांनी पहिली बाजू धरली: तुमच्याकडे आज जे आहे ते ईसाला मिळालेले इंजील नव्हे. पाद्रींची बाजू उलट: तुमचेच कुराण आमच्या ग्रंथाला देवाचा म्हणते, मग तो कधी, कुठे, कोणी बिघडवला ते दाखवा.

दोन्ही बाजू तर्काने लढल्या. पण त्यांच्या ‘इंजील’ या शब्दाचा अर्थच एक नव्हता. मुसलमानाच्या लेखी इंजील म्हणजे ईसावर उतरलेला एक ग्रंथ, जसे मुहंमदांवर कुराण उतरले तसा. ख्रिस्ती माणसाकडे असा ग्रंथच नाही. त्याच्याकडे मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी सांगितलेली चार शुभवर्तमाने आहेत, आणि देवाचा ‘शब्द’ म्हणजे त्याच्या लेखी पुस्तक नसून स्वतः येशू आहे. बादशहाने ज्या खंडाला दोनदा मस्तकी लावले तो त्याने मनात धरलेला ग्रंथ नव्हताच. ही गाठ कोणीतरी सभेत सोडवून दाखवायला हवी होती. अक्वाविवा विद्वान होता, त्याला हे जमले असते. पण तो जिंकायला आला होता.

हे मी कठोरपणे लिहितो आहे याची मला जाणीव आहे. अक्वाविवा उपास करणारा, साधा राहणारा, पैशाला न शिवणारा माणूस होता, दरबारातल्या मुसलमानांनाही त्याच्याविषयी आदर वाटे. पण १५८० ची त्याची पत्रे वाचवत नाहीत. आजूबाजूला सतत पैगंबरांचेच नाव कानी पडते याचा त्याला त्रास होतो आणि त्यांच्याविषयी तो जे शब्द वापरतो ते इथे उतरवण्याची माझी इच्छा नाही. सभेतही पाद्रींची जीभ इतकी धारदार झाली की बादशहाला त्यांना आवर घालण्यास सुचवावे लागले. २९ व्या सूरेत मुसलमानांना सांगितले आहे की अहले किताबांशी वाद घालाल तर उत्तम रीतीनेच घाला. पाद्रींचा या आयतीशी संबंध नव्हता, पण ज्यांच्या सभेत ते बसले होते त्यांना ती पाठ होती, आणि त्या मापाने तेही उणे पडले. सभेत आवाज दोन्हीकडून चढत.

मरियमेच्या चित्राची कथा यापेक्षा हळुवार आहे. रोममधल्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या माता मरियेच्या प्रसिद्ध चित्राची प्रत पाद्रींनी आणली होती. बादशहा त्यांच्या छोट्या प्रार्थनागृहात आला तेव्हा त्याने आधी मुसलमानी रीतीने, मग ख्रिस्ती रीतीने गुडघे टेकून, मग हिंदूंसारखा साष्टांग असा तिन्ही प्रकारे नमस्कार केला, असे जेझुइट वृत्तांत सांगतो. देवाला सर्व लोकांच्या रीतीने नमावे असे काहीसे त्याचे म्हणणे. पाद्री हरखले. पण पाचव्या सूरेचा तो प्रश्न आठवा: मला आणि माझ्या आईला देव माना असे तू सांगितलेस का? चित्रापुढे गुडघे टेकलेले पाद्री पाहून सिक्रीतल्या कर्मठांना त्या प्रश्नाचे उत्तरच समोर दिसले असेल.

याच चित्राशी आणखी एक धागा जुळतो. हिंदुस्थानातून मक्केला जायचे तर समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागे. दरबारातला कर्मठ इतिहासकार बदायुनी लिहितो की मखदूम-उल-मुल्कने हजला जाणे आता बंधनकारक नाही असा फतवा दिला. खुष्कीचा मार्ग शियांच्या इराणातून, आणि जलमार्गाच्या परवान्यावर मरियम आणि ईसा यांच्या प्रतिमा. तो कागद जवळ बाळगणे म्हणजे मूर्तिपूजेला मान देणे. कुराणाने ज्या मायलेकरांना इतके उंच स्थान दिले, त्यांची चित्रे हजच्या वाटेवर परकीय आरमाराची मोहोर होऊन बसली होती. संवादाला बसणाऱ्यांनी आपली चिन्हे समोरच्याला आधी कुठे आणि कशी भेटली आहेत ते पाहावे असे मला फार वाटते. सिक्रीतल्या मुसलमानाला मरियमेचे चित्र पहिल्यांदा बहुधा प्रार्थनागृहात भेटले नव्हते.

राजपुत्र मुराद दहा वर्षांचा होता. मोन्सेरात त्याला पोर्तुगीज आणि ख्रिस्ती नीतीचे धडे देई. बदायुनी सांगतो की बिस्मिल्लाच्या जागी येशू ख्रिस्ताचे नाव घेऊन सुरू होणारी फारसी ओळ वापरली गेली. त्याच्या लिहिण्यातला संताप अजूनही गरम लागतो. अबुल फजल मात्र पाद्रींशी स्नेहाने वागला.

अग्निदिव्य

या प्रकरणातला सर्वांत गाजलेला प्रसंग अग्निदिव्याचा. आणि तो दोन्हीकडच्या कागदांत उलटसुलट आहे.

अबुल फजलच्या अकबरनाम्यात ‘पाद्री रदीफ’, म्हणजे आपला रुदोल्फो, स्वतःच आव्हान देतो: आग पेटवा, मी इंजील घेऊन उतरतो, तुम्ही तुमचा ग्रंथ घेऊन उतरा, जो वाचेल तो खरा. मुल्ला कच खातात आणि चिडून शिव्यांवर येतात. जेझुइट वृत्तांतात अग्नीचा प्रस्ताव दुसऱ्या बाजूने येतो आणि पाद्री नकार देतात: देवाची परीक्षा पाहणे हे पाप आहे, चमत्कार मागणे आमचे काम नव्हे.

प्रत्येकाने दुसऱ्याच्या तोंडी आव्हान का घातले? जेझुइटांच्या बाबतीत कारण उघड आहे. आव्हान देणे त्यांच्या धर्मशिस्तीत बसत नव्हते. अबुल फजलला उलेमांचा पोकळपणा दाखवायचा होता, त्यासाठी धीट पाद्री त्याच्या कामाचा होता. म्हणजे मुसलमान इतिहासकाराने ख्रिस्ती माणसाला शूर केले, ते आपल्याच धर्मबांधवांशी चाललेल्या भांडणासाठी. आंतरधर्मीय सभांमध्ये हे अजून घडते. बोलणे समोरच्याशी चाललेले दिसते, पण ऐकवायचे असते घरच्यांना.

या प्रसंगाला एक जुनी पार्श्वभूमी आहे आणि सिक्रीतल्या प्रत्येक आलिमाला ती ठाऊक असणार. इस्लामी परंपरेनुसार पैगंबरांच्या अखेरच्या वर्षांत अरबस्तानातल्या नजरानचे ख्रिस्ती लोक मदिनेला आले. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी पैगंबरांच्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली, असे इब्न इस्हाकच्या सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरचरित्रात, आहे. ईसाच्या स्वरूपावर वाद झाला, मिटेना. तेव्हा तिसऱ्या सूरेची ६१ वी आयत आली: चला, आपण आपली मुले-माणसे बोलावू आणि खोटे बोलणाऱ्यावर अल्लाचा कोप व्हावा अशी प्रार्थना करू. याला मुबाहला म्हणतात. नजरानच्या ख्रिस्त्यांनी नकार दिला, करार केला, आपला धर्म राखून परत गेले. तीनच आयती पुढे, ६४ व्या आयतीत, ते प्रसिद्ध बोलावणे आहे: हे ग्रंथधारकांनो, तुमच्या-आमच्यात समान असलेल्या एका वचनाकडे या, आपण अल्लाशिवाय कोणाची भक्ती करू नये, आणि आपल्यापैकी कोणी कोणाला देवाच्या जागी मालक मानू नये.

साडेनऊशे वर्षांनी सिक्रीत पुन्हा तोच पेच उभा राहिला. वाद मिटेना म्हणून देवालाच साक्षीला काढायचे, आणि ख्रिस्ती बाजूने नम्रपणे नाही म्हणायचे. नजरानला नकारानंतर करार झाला. सिक्रीत नकारानंतर काहीच झाले नाही. सभा विरळ होत गेल्या. ६४ व्या आयतीचा धागा तिथे कोणी धरल्याचे कागदांत दिसत नाही. २००७ मध्ये १३८ मुसलमान विद्वानांनी पोप आणि इतर ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले तेव्हा त्यांनी आरंभ करण्यासाठी हीच आयत निवडली, आणि तिच्याशेजारी देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करण्याची येशूची आज्ञा ठेवली. त्या पत्रावर पुढे रोममध्ये बैठकही झाली. त्रैक्याचा प्रश्न तिथेही सुटला नाही, पण तो सुटेपर्यंत बोलणे थांबवायचे नाही एवढे ठरले.

ज्याच्या हाती सत्ता

आता त्या यादीकडे परत. अकबराच्या सभेत ज्यू होते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते, आणि गुप्तपणे ज्यू रीती पाळतात असा संशय असलेले नवख्रिस्ती हे त्याचे पहिले भक्ष्य. गोव्यातल्याच साष्टी भागात देवळे पाडली जात होती. सिक्रीत तीन पाद्री बादशहाच्या महालात राहून पैगंबरांविषयी नको ते बोलत आणि तरी सुखरूप राहत. त्याच वर्षी एखादा मौलवी गोव्यात जाऊन येशूच्या देवत्वावर भर सभेत शंका घेऊ शकला असता का? उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

अकबराचे राज्य म्हणजे नंदनवन होते असे मी म्हणत नाही. चितोडच्या कत्तलीला बाराच वर्षे झाली होती. पण धर्माच्या चर्चेपुरते पाहिले तर एका बाजूला दार उघडे होते, दुसऱ्या बाजूला कुलूप होते, आणि कुलपाच्या बाजूचे लोक उघड्या दाराचा अर्थ दुबळेपणा किंवा ओढ असा लावत होते. जिझिया अकबराने १५६४ मध्येच उठवला होता. नवव्या सूरेच्या आयतीवर उभा असलेला कर एक मुसलमान बादशहा उठवतो आणि तरी स्वतःला इस्लामबाहेर समजत नाही, हे पाद्रींना उमगले असते तर त्यांच्या पत्रांचा सूर बदलला असता.

राजकारणाची काठी मध्ये पडतच होती. १५८० मध्ये बंगाल-बिहारकडे बंडे उठली, जौनपूरच्या एका काझीने बादशहाविरुद्ध उठाव वैध असल्याचा फतवा दिला. बादशहा धर्म सोडतो आहे या बोभाट्यात पाद्रींच्या उपस्थितीने भर पडली. १५८१ मध्ये काबूलची मोहीम. मोन्सेरात सोबत गेला आणि वाटेतले सगळे लिहून ठेवत राहिला. १५८२ मध्ये मोगल फौजा दमणवर चालून गेल्या आणि त्याच वर्षी बादशहाने स्पेन-पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिले: तौरात, इंजील आणि जबूर यांची अरबी किंवा फारसी भाषांतरे पाठवा.

ही मागणी वाचून मला दरवेळी वाईट वाटते. पाद्री येऊन दोन वर्षे झाली होती, शेकडो तास वाद झाले होते, आणि बादशहाने १५७९ मध्ये जे मागितले होते तेच तो अजून मागत होता. त्याला पुस्तक वाचायचे होते. त्याला मिळाले ते हिब्रू-ग्रीक-लॅटिनमधले देखणे खंड, जे दरबारात कोणाला वाचता येत नव्हते, आणि त्यांच्याभोवतीचा वाद. ते वकीलपथक युरोपला पोचलेच नाही. बादशहाच्या सांगण्यावरून फारसीत ख्रिस्तचरित्र लिहिले गेले ते १६०२ मध्ये, पुढच्या एका मिशनमधल्या जेरोम झेवियरच्या हातून. आणि त्याला फारसीसाठी मदत केली अब्दुस सत्तार या मुसलमान विद्वानाने, जो स्वतः लॅटिन शिकत होता. एकमेकांच्या भाषेत शब्द शोधत बसलेली ही दोन माणसे मला इबादतखान्यातल्या साऱ्या सभांपेक्षा मोलाची वाटतात. इकडे स्टीफन्सही त्याच काळात कोकणी-मराठी शिकत होते, ओवीचा छंद कानात मुरवत होते. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले. त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज तलवार होती हे खरेच, तरी त्यांनी ऐकणाऱ्याच्या भाषेला आधी मान दिला.

परतीनंतर

अक्वाविवा १५८३ च्या मे महिन्यात गोव्याला पोचला. निरोप देताना बादशहाने देऊ केलेले धन त्याने नाकारले आणि राजमातेच्या पदरी असलेल्या एका रशियन गुलाम कुटुंबाची सुटका तेवढी मागून घेतली. आल्यावर त्याला साष्टीचा प्रमुख नेमले. २५ जुलैला तो आणि चार सहकारी चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळीला गेले. देवळे पाडल्याची आग गावाच्या मनात होती. गावकऱ्यांनी पाचही जेझुइटांना ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. मोगलांच्या राजधानीत जो तीन वर्षे निर्धास्त फिरला, तो आपल्याच राजाच्या मुलुखात दोन-तीन महिने जगला. चर्चने १८९३ मध्ये त्याला धन्य घोषित केले. गावच्या त्या प्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहिले ते अलीकडे.

बातमी ऐकून अकबर हळहळला, मी तुम्हाला जाऊ नका म्हणालो नव्हतो का, असे उद्गारला, असे जेझुइट परंपरा सांगते.

सिक्रीच्या बुलंद दरवाजावर एक फारसी लेख आहे. १६०१ मध्ये दख्खन आणि खानदेश जिंकून बादशहा परत आला, त्याची नोंद त्यात आहे. आपला खानदेश तिथे ‘दानदेश’ या नव्या नावासह कोरलेला आहे. त्या विजयाच्या शेजारीच ईसाचे एक वचन आहे: हे जग पूल आहे, त्यावरून जा, त्यावर घर बांधू नका. हे वचन बायबलच्या शुभवर्तमानांत नाही, कुराणातही नाही. सूफी आणि मुसलमान विद्वानांनी शतकानुशतके जपलेल्या ईसाच्या उक्तींपैकी ते एक. मशिदीच्या दाराच्या कमानीवर ते बसवताना कोणाला अवघड वाटले नाही. अक्वाविवाने ते पाहिले नाही. लेख कोरला गेला तेव्हा त्याला जाऊन अठरा वर्षे झाली होती.